वाढदिवस ज्याचा, मत त्याचं

आमच्या बाबांची राजकारणावरची मतं ऐकायची असतील तर आधी डोळे तपासून घ्यावे लागत. त्यांचं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, एक डोळा झाकायचा आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची. या अवस्थेत माणूस पळून जाऊ शकत नाही, हे बाबांच्या पंचवीस वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं.

"खालून दुसरी ओळ वाचा," बाबा म्हणत. "अडखळलात ना? आपल्या राज्य सरकारचंही हेच झालंय. तीन पक्षांचं सरकार म्हणजे तीन नंबरांच्या तीन काचा एकावर एक. खातेवाटपाला छत्तीस दिवस लागले, छत्तीस! ते 'भ' नाही, 'म' आहे."

मग काच बदलायची आणि केंद्राकडे वळायचं. "दिल्यात त्यांनी घोषणा. वीस वर्षांनी देश कुठे असेल ते त्यांना लख्ख दिसतं, पायाखालचा खड्डा दिसत नाही. आता कसं वाटतंय? आधीपेक्षा बरं की वाईट?"

हा प्रश्न काचेबद्दल आहे की सरकारबद्दल, हे गिऱ्हाइकाला कळत नसे. एकदा एक बाई चाचरत म्हणाल्या, "आधीचं बरं होतं." बाबांनी त्यांना अर्धा तास सोडलं नाही. आधीच्या सरकारने काय काय दिवे लावले होते ते सगळं ऐकून झाल्यावर त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अहो, मी काचेबद्दल बोलत होते."

शेजारच्या गाळ्यात दंतवैद्य बसतात. ते बाबांचे पक्के मित्र आणि पक्के विरोधक. बाबा ज्याला देशाचा घात म्हणतील त्याला ते देशाचं नशीब म्हणणार. बाबांना त्यांचा हेवा वाटे. "त्याचं बरं आहे," ते म्हणत, "त्याच्या माणसाच्या तोंडात हत्यार असतं. माझी गिऱ्हाइकं उलट बोलू शकतात."

घरी मात्र कुणी उलट बोलत नसे. घरी आई होती.

आई पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर होती. एकतीस वर्षं तिने लोकांचं ऐकून घेतलं. नळाला पाणी नाही, पाणी आहे पण गढूळ आहे, गढूळ नाही पण पहाटे साडेतीनला येतं. निवृत्त होऊन तिला दोन वर्षं झाली होती, पण सवय गेली नव्हती. बाबा जेवताना विधानसभेपासून सुरू करत, भात संपेपर्यंत संसदेत पोचत आणि शेवटी विचारत, "बरोबर आहे की नाही?"

आई म्हणे, "हं."

बाबांनी हा 'हं' कायम होकार धरला. निवडणूक आली की ते तिला कुणाला मत द्यायचं ते समजावून सांगत, तीन-तीन दिवस, मुद्देसूद. मतदानाच्या दिवशी दोघं सकाळी लवकर चालत केंद्रावर जात आणि बाबा घरी येऊन मला फोन करत, "आपली दोन मतं पडली बरं का."

मी वेगळ्या भागात राहते आणि रविवारी त्यांच्याकडे जाते. ज्या रविवारची ही गोष्ट आहे, त्या रविवारी मी स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसले होते. अकराच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. बाबांनी दार उघडलं. बाहेर एक तरुण मुलगी उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, बुटांवर धूळ.

"नमस्कार काका. आम्ही राज्यातल्या आणि देशातल्या राजकारणाबद्दल नागरिकांची मतं गोळा करतोय. पंधरा मिनिटं लागतील. वेळ आहे का?"

बाबांनी दार सताड उघडलं. साठ वर्षांच्या आयुष्यात त्यांचं मत मागायला कुणीतरी स्वतःच्या पायांनी, जिने चढून आलं होतं.

"पंधरा मिनिटं? अहो, दिवसभर बसा! चिमणे, पाणी आण. अगं, ऐकलंस का, सर्वेक्षणवाल्या आल्यात. आलो हं, शर्ट बदलून आलो."

"शर्ट कशाला काका, फोटो नाही काढायचा."

"असू दे. मत आहे, गबाळ्यासारखं देऊ नये."

इस्त्रीचा शर्ट घालून, केसांवरून कंगवा फिरवून बाबा खुर्चीत येऊन बसले. घसा खाकरला. "तुम्हाला आधी राज्य हवं की केंद्र?"

"आधी घराची माहिती. इथे मतदार किती राहतात?"

"दोन. मी आणि आमची ही. मुलीचं नाव दुसरीकडे आहे."

"दोघांच्या जन्मतारखा सांगा."

बाबांनी सांगितल्या. तिने टॅब्लेटवर बोट फिरवलं आणि नम्रपणे हसली. "मग मला काकूंशी बोलायचंय."

"आधी तिच्याशी? हरकत नाही."

"नाही काका, फक्त त्यांच्याशी. घरातल्या एकाच माणसाला विचारायचं असतं. ज्याचा वाढदिवस पुढे सगळ्यात आधी येतो त्याला. तुमचा मागच्या महिन्यात झाला. काकूंचा पाच आठवड्यांवर आहे."

मी पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होते. बाबांचा चेहरा असा झाला की जणू लग्नात मान पुढे केली आणि नवरीने माळ शेजारच्याच्या गळ्यात घातली.

"हा कुठला न्याय? मतं माझी आहेत! हिला राजकारणात अजिबात रस नाही. हवं तर विचारा तिला. अगं, सांग."

आई सोफ्यावर बसून शब्दकोडं सोडवत होती. तिने पेन्सिल बाजूला ठेवली. "नियम असेल तर देते की मी उत्तरं."

बाबा पुढे झुकले. आवाज खाली आणला. "हे बघा, एक सांगतो. माझी कागदावरची तारीख खोटी आहे. शाळेत घालताना मास्तरांनी अंदाजाने लिहिली. माझा खरा जन्म पुढच्या आठवड्यातला."

"मग मागच्या महिन्यात दंतवैद्यांना जेवायला बोलावलंत ते कशासाठी?" आईने विचारलं.

"तो सरकारी वाढदिवस होता."

"मग सर्वेक्षणही सरकारीच तारखेने होऊ दे."

"यादीतली तारीखच धरतात काका," मुलगी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "आणि अजून एक. उत्तरं घेताना खोलीत दुसरं कुणी थांबलेलं चालत नाही."

अशा रीतीने बाबांना इस्त्रीच्या शर्टासकट स्वयंपाकघरात यावं लागलं.

"बस इथे," असं म्हणून मी त्यांच्यापुढे शेंगा सरकवल्या. त्यांनी एक उचलली आणि दाराची फट गाठली.

"बाबा, ते गुप्त असतं."

"मतदान गुप्त असतं. हे सर्वेक्षण आहे. आणि मी ऐकत नाहीये, उभा आहे."

बाहेरून मुलीचा आवाज आला. "राज्य सरकारच्या कामाबद्दल तुम्ही खूप समाधानी, समाधानी, असमाधानी, खूप असमाधानी, की सांगता येत नाही?"

"खूप असमाधानी," बाबा फटीत पुटपुटले. "म्हण. खूप असमाधानी."

"कुठल्या खात्याबद्दल?" आईने विचारलं.

"एकूण सगळ्याबद्दल."

"एकूण कसं सांगणार बाई? शिक्षण मंत्री कामाचा आहे. दोनदा त्याचं खातं काढून घ्यायला निघाले, तरी शाळांची दुरुस्ती त्याने रेटून नेली. पाण्याचं म्हणाल तर पूर्वी आम्ही तक्रार वहीत लिहायचो, वही हरवायची. आता फोनवर नंबर येतो. पाणी येत नाही, पण नंबर येतो. तो दाखवून माणूस दुसऱ्या दिवशी भांडू तरी शकतो. ही सुधारणाच आहे. पण मुख्यमंत्र्यांनी दर आठवड्याला उद्घाटन करायचं बंद करायला हवं. एकाच पुलाचं तीनदा उद्घाटन झालंय, आणि तिन्ही वेळा वाहतूक अडली ती आमचीच."

"म्हणजे... समाधानी लिहू?"

"असमाधानी लिहा. पण त्यांना सांगा, सुधारण्यासारखे आहेत."

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. हातातली शेंग तशीच. "ही शिक्षण मंत्र्याला कधीपासून ओळखते?"

"बाबा, ती रोज वर्तमानपत्र वाचते."

"शब्दकोडं सोडवते!"

"शब्दकोडं शेवटच्या पानावर असतं. तिथपर्यंत जाताना बाकीची पानं लागतात."

पुढचा प्रश्न देशाचा होता. देश योग्य दिशेने चाललाय का? बाबांनी डोळे मिटून घेतले, कारण हा त्यांचा हातखंडा विषय. यावर त्यांच्याकडे चाळीस मिनिटांचा मजकूर तयार होता.

आई म्हणाली, "दिशा फारशी वाईट नाही. पण गाडीवान सारखा मागे वळून टाळ्या मागतो. त्याने पुढे बघावं."

मुलगी खळखळून हसली. बाबांनाही हसू फुटलं, मग ते स्वतःवरच चिडले. "बरं बोलली," ते कुजबुजले. "ही कुठून ऐकून आली? त्या दंतवैद्याकडून नक्की नाही, त्याला इतकं सुचत नाही."

यानंतर बाबांना राहवेना. ते चष्मा शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले.

"काका, प्लीज. तुम्ही खोलीत आलात तर हा फॉर्म बाद होईल."

"मी फक्त चष्मा—"

"तो तुमच्या नाकावर आहे," आई म्हणाली.

चष्म्याच्या दुकानदाराने यावर काय बोलायचं? ते परत आले आणि त्यांनी दंतवैद्यांना फोन लावला. फोनचा आवाज त्यांनी इतका मोठा ठेवला होता की पलीकडचं बोलणं मलाही ऐकू येत होतं.

"तुमच्याकडे ती सर्वेक्षणवाली आली होती का हो?"

"काल आली होती," दंतवैद्य म्हणाले. त्यांचा आवाजही पडलेलाच होता. "सासूबाईंना निवडलं. एक्याण्णव वर्षांच्या आहेत. पंतप्रधान कसे वाटतात म्हणून विचारलं तर म्हणाल्या, मुलगा गुणी आहे, पण खात नाही नीट."

बाबांना थोडं बरं वाटलं. पण ते फार काळ टिकलं नाही.

बाहेर मुलगी म्हणत होती, "मागच्या निवडणुकीत तुम्ही कुणाला मत दिलं, ते तुम्हीच इथे टॅब्लेटवर दाबा. मी बघणार नाही." बाबांनी कान इतका लावला की दार कुरकुरलं. मग पुढचा प्रश्न आला. "मत ठरवताना कुणाचा सल्ला घेता? पती, मुलं, मित्र, की स्वतःच ठरवता?"

"स्वतःच."

"नेहमी?"

"पहिल्यांदा सोडून. नवीन लग्न झालं होतं, यांनी सांगितलं तसं दिलं. तो गृहस्थ सहा महिन्यांत समोरच्या पक्षात जाऊन बसला. त्यानंतर मी म्हटलं, आपलं आपण बघावं."

बाबा स्टुलावर बसले. मी त्यांच्या हातातून शेंग काढून घेतली, कारण तिचा भुगा झाला होता.

"चौतीस वर्षं झाली लग्नाला," ते हळूच म्हणाले आणि बोटांवर मोजायला लागले. "राज्याच्या सात, देशाच्या सात. चौदा. पहिली सोडली तर तेरा. चिमणे, तेरा वेळा!"

मुलगी निघताना आईने तिला घोटभर चहा पाजला आणि बुटांवरची धूळ झटकायला फडकंही दिलं. दारातून ती बाबांना म्हणाली, "काका, नाराज नका होऊ. तुमच्या खालच्या मजल्यावर सगळ्यांनी 'सांगता येत नाही' सांगितलं. काकूंनी एकाही प्रश्नाला तसं सांगितलं नाही."

जेवताना बाबा गप्प होते. आमच्या घरात चमचा वाटीला लागल्याचा आवाज असा स्वच्छ मी पहिल्यांदाच ऐकला. शेवटी त्यांनी पाणी प्यायलं आणि पेला जरा जोरातच ठेवला.

"म्हणजे आपण दोघं भल्या सकाळी रांगेत उभं राहायचो, मी एकाला मत द्यायचो, आणि तू पाठोपाठ जाऊन ते पुसून टाकायचीस. घरीच बसलो असतो तर निकाल तोच लागला असता ना?"

"दर वेळी नाही पुसलं. तुमचा माणूस बरा असला तर त्यालाच दिलंय."

"किती वेळा?"

आईने आठवलं. "चारदा."

"चारदा!" बाबांचा चेहरा एकदम उजळला, मग पुन्हा पडला. "म्हणजे नऊदा नाही. आणि मी इतका समजावून सांगायचो तेव्हा 'हं' म्हणायचीस ते काय होतं?"

"ऐकलं म्हणून. खिडकीवरही तेच म्हणायचे. हं म्हणजे तक्रार नोंदवली. मंजूर झाली असं नाही."

मला ठसका लागला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी वाटीत तोंड घातलं.

"मला एकदा सांगायचंस तरी," बाबा म्हणाले. आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, काहीतरी दुखल्यासारखं होतं. "एकदा तरी."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"रोज विचारतो! बरोबर आहे की नाही, असं रोज विचारतो."

"तो प्रश्न असतो होय?" आईने त्यांच्या ताटात भाजी वाढली. "आणि रांगेचं म्हणाल तर, एवढ्या सकाळी तुम्ही माझ्याबरोबर एरवी चालत कुठे येता? मला आवडायचं ते."

बाबांनी भाजी संपवली आणि आणखी मागितली.

पुढचे तीन दिवस दुकानात शांतता होती. दंतवैद्यांनी मला फोन केला. "तुझ्या बाबांना बरं नाही का? मी मुद्दाम जाऊन केंद्राच्या अंदाजपत्रकाची स्तुती करून आलो, तर म्हणाले, असेल." एक जुनं गिऱ्हाईक चष्मा न करताच परत गेलं, म्हणे आज तपासणी नीट झाल्यासारखी वाटली नाही.

गुरुवारी सकाळी चहाच्या वेळी बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. हे मला आईने नंतर सांगितलं, आणि बाबांनी वेगळ्या तऱ्हेने सांगितलं. दोन्ही जुळवून जे झालं ते असं.

"ते नवीन पाणी धोरण आणलंय राज्याने," ते छताकडे बघत म्हणाले. "त्याबद्दल तुझं... म्हणजे तुला काय वाटतं?"

आईने कप खाली ठेवला आणि बोलायला लागली. एकतीस वर्षांचं साठलेलं होतं. धरणात पाणी किती, वाटेत गळतं किती, मंत्र्यांच्या बंगल्यांच्या नळांना दाब किती, केंद्राने पाठवलेले पंप दोन वर्षं गोदामात का पडलेत आणि केंद्र-राज्याच्या भांडणात त्यांची चावी कुणाकडे आहे. चौथ्या मिनिटाला बाबांनी तोंड उघडलं, तेव्हा तिने हात वर केला.

"एका वेळी एकच तक्रार. तुमचा नंबर येईल."

त्या दिवशी दुकान पाऊण तास उशिरा उघडलं. पण उघडल्यावर बाबांनी पहिल्याच गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट चढवून विचारलं, "तुम्हाला माहीत आहे का, केंद्राचे पंप कुठे पडलेत ते?" दंतवैद्य आवाज ऐकून भिंतीपलीकडून म्हणाले, "आला माणूस ठिकाणावर!"

ठिकाणावर म्हणजे अगदीच नाही. बाबा बदलले असं मी म्हणणार नाही. अजूनही ते तक्त्यावरच्या चौथ्या ओळीपर्यंत सरकार पाडतात. पण घरी आता भांडणं होतात, आणि ती ऐकण्यासारखी असतात. आई मोजकं बोलते, आकडे देते. बाबा आकड्यांना घाबरतात, म्हणून उपमा देतात. एकदा केंद्र आणि राज्य म्हणजे सासू-सून आहेत असं ते म्हणाले, तर आईने विचारलं, "त्यात सासू कोण ते आधी ठरवा, मग बोलू." ते ठरवण्यात रविवार गेला.

दोन महिन्यांनी आमच्या भागात पोटनिवडणूक लागली. जुने आमदार खासदार होऊन गेले होते. या वेळी बाबांनी आईला काही समजावलं नाही, मात्र तिने कुणाला मत द्यायचं ठरवलंय ते काढून घेण्यासाठी जंग जंग पछाडलं. मलाही मध्ये घातलं. आईने दाद दिली नाही. मतदानाच्या सकाळी दोघं नेहमीसारखे चालत गेले. रांगेत उभं असताना उड्डाणपुलाचा विषय निघाला. बाबांचा आवाज चढला, आईचाही चढला, तो ऐकायला रांग वाकडी झाली. मागच्या एका आजोबांनी "ताईंचं पटतंय" म्हटलं, पुढच्या दोघी बाबांच्या बाजूने सरसावल्या. शेवटी केंद्रावरचा शिपाई धावत आला.

"काका, काकू, प्रचार परवाच संपलाय! गप्प राहता की वेगवेगळं उभं करू?"

"वेगवेगळं नको," बाबा घाईने म्हणाले.

निकालाच्या दिवशी मी मुद्दाम गेले. आईबाबा टीव्हीसमोर बसले होते, दोघांमध्ये एक उशी. पहिल्या फेरीत बाबांचा उमेदवार पुढे होता, तिसऱ्या फेरीत दुसराच एक पुढे आला आणि आई किंचित सावरून बसली, तेव्हा तिचा कोण ते मला कळलं. सातव्या फेरीपासून मात्र अपक्ष उभा राहिलेला एक इस्त्रीवाला पुढे जायला लागला. प्रचारात त्याने एकच आश्वासन दिलं होतं: फोन उचलीन. तो साडेचार हजारांनी निवडून आला.

बाबांनी टीव्ही बंद केला.

"तुझा तिसरा," बाबा म्हणाले.

"तुमचा दुसरा."

"म्हणजे दोघंही पडलो."

"पडलो," आई म्हणाली आणि हसायला लागली. बाबाही हसले. तेवढ्यात फोन वाजला. दंतवैद्य होते. त्यांनी त्या इस्त्रीवाल्याला मत दिलं होतं, का तर तो त्यांच्या पांढऱ्या कोटांना इस्त्री करतो. ते आनंदाने इतके ओरडत होते की बाबांनी फोन हातभर लांब धरला.

"उद्या आपण त्या नव्या आमदाराला भेटायला जाऊ," फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले. "बघू तरी, काय करतो. मी बोलतो, तू अर्ज लिही."

"मी लिहिते आणि मीच बोलते. तुम्ही बरोबर चला."

बाबांनी यावर थोडा विचार केला आणि टेबलाच्या खणातून कोरा कागद काढून आईपुढे ठेवला. तिने पेन्सिल घेऊन पहिली ओळ लिहिली. बाबांनी वाकून वाचली.

"पहिला मुद्दा पाण्याचा कशाला? पुलाचा हवा."

"पाण्याचा," आई म्हणाली, आणि लिहीत राहिली.